नियंत्रित गटातल्या मुलींनाही वाईट का वाटलं?

पेट झाली, मुलाखतीची तारीख जवळ आली, की विषय शोधणाऱ्यांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. ‘रील्सचा महाविद्यालयीन तरुणांच्या आत्मप्रतिमेवर होणारा परिणाम : एक अभ्यास.’ विषय वाईट नाही. मला तर तो फार महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याचा जो ठरलेला आराखडा बनतो तो बघून जीव कासावीस होतो. एक गूगल फॉर्म, तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. ‘तुम्ही दिवसातून किती वेळ रील्स बघता?’पासून ‘तुम्हाला स्वतःच्या दिसण्याबद्दल समाधान वाटतं का?’पर्यंत वीस-पंचवीस प्रश्न, पंचबिंदू मापनश्रेणी, मग सहसंबंध गुणांक, आणि शेवटच्या प्रकरणात ‘परिणाम होतो असे दिसून येते’. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे नेट-सेटच्या पहिल्या पेपरची तयारी करतानाच आपण सगळे पाठ करतो. तेव्हा त्यावर आज वेळ घालवत नाही.

त्याच्या पुढची पायरी बघू. समजा तुम्ही फॉर्म सोडून खरोखरचा प्रयोग केला. दोन गट पाडले, चिठ्ठ्या टाकून कोण कुठे ते ठरवलं, एकाला एक व्हिडिओ आणि दुसऱ्याला दुसरा दाखवला, आधी आणि नंतर मोजलं. मग तरी उत्तर मिळतं का? यासाठी मी एकच शोधनिबंध निवडलाय. तो प्रामाणिकपणे केलेला आहे, आणि त्याच्या सारांशातल्या ज्या एका वाक्यावरून बातम्यांनी फारसं न थांबता उडी मारली, ते वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मॅडिसन ब्लॅकबर्न आणि रेचल हॉग या ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स स्टर्ट विद्यापीठाच्या दोघी. त्यांचा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. १८ ते २८ वयाच्या २७३ स्त्रिया त्यात सहभागी होत्या. यादृच्छिक पद्धतीने दोन गट. एका गटाला टिकटॉकवरून घेतलेल्या ‘प्रो-अ‍ॅना’ व्हिडिओंचं सात-आठ मिनिटांचं संकलन दाखवलं. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढेल या भीतीने जेवण तोडत जाण्याचा गंभीर मानसिक आजार. त्याला आजार न मानता जीवनशैली म्हणून मिरवणारा मजकूर तो प्रो-अ‍ॅना. जेवण टाळणाऱ्या मुली, नुसत्या ज्यूसवर राहण्याचे सल्ले, व्यायामाचे व्हिडिओ असा तो माल. दुसऱ्या, म्हणजे नियंत्रित गटाला तेवढ्याच वेळाचे ‘तटस्थ’ टिकटॉक व्हिडिओ : निसर्ग, स्वयंपाक, प्राणी, विनोद. दोन्ही गटांना आधी आणि नंतर स्वतःच्या शरीराबद्दल किती समाधान वाटतं ते विचारलं.

निकाल : प्रो-अ‍ॅना बघणाऱ्या गटाचं समाधान सगळ्यात जास्त घसरलं, आणि समाजाचे सौंदर्याचे निकष स्वतःचे मानण्याची वृत्तीही त्यांच्यात वाढली. बातम्यांचा मथळा तयार झाला : आठ मिनिटांचं टिकटॉक पुरेसं आहे.

आता ते वाक्य. तटस्थ व्हिडिओ बघणाऱ्या गटाचं समाधानसुद्धा घसरलं.

थांबा जरा इथे. माझं पदव्युत्तर शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं. आमच्याकडे प्रत्येक प्रयोगात एक प्लेट कोरी ठेवतात, तिच्यावर जिवाणू सोडायचेच नाहीत. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडल्यावर त्या कोऱ्या प्लेटवर ठिपके दिसले, की बाकीच्या प्लेटींवर कितीही सुंदर वाढ असली तरी त्या दिवसाचे आकडे वहीत चढवायचे नसतात. माध्यम दूषित, हवा दूषित किंवा हात दूषित. आधी ते शोधा. माझी पहिली प्रतिक्रिया तीच होती : कोरी प्लेट उगवली! पण माणसांवरच्या प्रयोगात प्लेट कोरी नसतेच. तिथे नियंत्रित गटात झालेला बदल फेकून देता येत नाही, तो वाचावा लागतो. आणि तो वाचायचे किमान तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग असा, की दोष प्रश्नाचा. तुम्ही एखादीला विचारलंत, ‘आत्ता या क्षणी तुला तुझ्या शरीराबद्दल कसं वाटतंय?’ की तुम्ही तिच्यासमोर आरसा धरलात. ती सकाळपासून कॉलेज, लोकल, डबा, प्रॅक्टिकल यात होती, शरीराचा विचार डोक्यात नव्हता. आता आला. आठ मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, म्हणजे पुन्हा आरसा. मधल्या वेळात तिने मांजराचे व्हिडिओ बघितले काय किंवा आणखी काही, घसरण व्हायची ती होणार. हे खरं असेल तर काही घसरण टिकटॉकची नव्हे, प्रश्नावलीची आहे.

दुसरा मार्ग : ‘तटस्थ’ हा शब्दच तपासा. तटस्थ कुणासाठी? स्वयंपाकाचा व्हिडिओ मला तटस्थ आहे, भूक लागली तर त्रासदायक आहे. पण जी मुलगी प्रत्येक घास मोजते, तिला तुपाची धार पडतानाचा व्हिडिओ तटस्थ असेल? खाण्याशी असलेल्या नात्याचा अभ्यास करताना नियंत्रित गटाला खाण्याचे व्हिडिओ दाखवणं मला खटकलं. विनोदी व्हिडिओंचंही तसंच. विनोद करणाऱ्याला चेहरा असतो, आणि बहुतेक वेळा तो चेहरा देखणा असतो.

तिसरा मार्ग सगळ्यात गंभीर. कदाचित मजकूर काहीही असो, या प्रकारचे तुकडे-तुकडे व्हिडिओ सलग बघणं हेच स्वतःबद्दलचं वाटणं खाली ओढत असेल. हे सिद्ध झालं तर ‘घातक मजकूर काढून टाकू’ या कंपन्यांच्या आश्वासनाला फारसा अर्थ उरत नाही, कारण मग प्रश्न नुसत्या मजकुराचा राहत नाही.

या तिघांतलं खरं कोणतं? या प्रयोगातून ते कळूच शकत नाही, कारण दोन्ही गटांनी टिकटॉकच बघितलं. तिसरा गट हवा होता : तेवढाच वेळ टिकटॉक सोडून दुसरं काही, उदाहरणार्थ धरणांवरचा माहितीपट बघणारा किंवा एखादा लेख वाचणारा. आणि जमलं तर चौथा : ज्याला आधीचा प्रश्न विचारलाच नाही, फक्त नंतरचा विचारला. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात ‘सॉलोमन चतुर्गट आराखडा’ म्हणून जी आकृती आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि विसरतो, ती नेमकी याच अडचणीसाठी आहे. पूर्वचाचणीच परिणाम घडवत असेल तर तो वेगळा काढायला.

इथे आकडेमोडीतली एक गोष्ट, कारण मुलाखतीत ती विचारली जाते. समजा प्रायोगिक गटाचं समाधान ५ गुणांनी घसरलं आणि नियंत्रित गटाचं २ गुणांनी (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, निबंधातले नाहीत). तर प्रो-अ‍ॅना मजकुराचा वेगळा म्हणून परिणाम ३ गुणांचा. पाचाचा नाही. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत फक्त प्रायोगिक गटाची आधीची आणि नंतरची सरासरी घेऊन टी-चाचणी लावतात, ‘सार्थक फरक’ लिहितात आणि मोकळे होतात. नियंत्रित गट बिचारा तक्त्यात एका ओळीपुरता. ब्लॅकबर्न आणि हॉग यांनी तसं केलं नाही. आपल्या कथेला अडचणीचा असलेला निकाल त्यांनी सारांशात ठेवला. हे मी कौतुकाने म्हणतोय.

माझी खरी तक्रार मात्र वेगळ्या जागी आहे. निबंधाच्या शीर्षकात ‘#फॉरयू’ आहे, पुढे प्रश्नचिन्ह. ‘फॉर यू’ म्हणजे टिकटॉकचं ते पान, जे तुमच्या बोटाच्या हालचालींवरून तुमच्यासाठी बनवलं जातं. कुठे थांबलात, काय दोनदा बघितलंत, कशावरून पटकन सरकलात. प्रयोगात मात्र गटातल्या सगळ्यांना एकच शिवलेलं संकलन दाखवलं. ना बोट, ना निवड, ना अल्गोरिदम. म्हणजे ज्याला हा सगळा बाजार म्हणतात ते यंत्रच प्रयोगाच्या बाहेर राहिलं. नियंत्रणासाठी ही किंमत मोजावी लागते हे मान्य. पण मग निष्कर्ष ‘असा मजकूर बघितल्याने लगेच काय होतं’ एवढाच काढता येतो. ‘टिकटॉकने काय होतं’ हा प्रश्न तसाच शिल्लक.

या उरलेल्या प्रश्नावर लोक दोन टोकांचे पुरावे फेकतात, आणि दोन्ही वाचायला शिकलं पाहिजे.

एक टोक : ‘इन्स्टाग्राम तीनपैकी एका मुलीची शरीरप्रतिमा बिघडवतं.’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. १४ सप्टेंबर २०२१ ला वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकच्या अंतर्गत संशोधनाच्या स्लाइड्सवर बातमी छापली. कागदपत्रं बाहेर आणली होती फ्रान्सिस हॉगेन या तिथल्याच माजी कर्मचारी बाईंनी. एका स्लाइडवर ३२ टक्के हा आकडा होता. पण कशाचे ३२ टक्के? कंपनीने नंतर खुलासा केला, की हे सगळ्या किशोरवयीन मुलींपैकी नव्हेत. ज्या मुलींनी आधीच ‘मला माझ्या शरीराबद्दल वाईट वाटतं’ असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी आहेत. शिवाय त्याच सर्वेक्षणात एकूण १२ मुद्दे होते, त्यातल्या ११ मुद्द्यांवर त्रास असलेल्या मुलींनी इन्स्टाग्राममुळे वाईटापेक्षा बरंच जास्त वाटतं असं सांगितलं. शरीरप्रतिमा हा एकमेव उलटा मुद्दा.

छेद तपासला की बातमी बदलते. पण कंपनीच्या खुलाशानेही मी समाधानी नाही. ज्यांना आधीच वाईट वाटतंय त्यांच्यातल्या ३२ टक्क्यांना आणखी वाईट वाटतं, हा आकडा ‘फक्त’ कसा? दम्याच्या रुग्णांना त्रास देणारा धूर बाकीच्यांना चालतो म्हणून कुणी तो सोडून देत नाही. दुसरं असं, की इथे संशोधकाचं काम मुलींवर ढकललंय. ‘इन्स्टाग्राममुळे तुला बरं वाटतं की वाईट?’ याचं उत्तर द्यायला त्या मुलीला इन्स्टाग्राम नसलेलं स्वतःचं आयुष्य माहीत हवं. ते तिला माहीत नाही. कुणालाच नसतं. ‘मुळे’ हा प्रत्यय प्रश्नावलीत आला की सावध व्हा. तो प्रत्यय शोधायला तर आपण संशोधन करतोय.

त्याच स्लाइड्समध्ये एक निरीक्षण होतं ज्याची फार चर्चा झाली नाही. कंपनीच्याच संशोधकांचं म्हणणं, की एकमेकांशी तुलना करण्याचा त्रास इन्स्टाग्रामवर जास्त आहे. टिकटॉकचा भर सादरीकरणावर, स्नॅपचॅटचे गमतीदार फिल्टर चेहऱ्यापुरते, आणि इन्स्टाग्रामचा भर शरीर आणि राहणीमानावर. हे वाचल्यावर ‘लघुव्हिडिओ’ हा एकच चल धरून आराखडा लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवावं. नाच करून दाखवणारा व्हिडिओ आणि ‘माझी सकाळची दिनचर्या’ दाखवणारा व्हिडिओ दोन्ही तीस सेकंदांचे असतात. साम्य तिथेच संपतं.

दुसरं टोक : बटाट्याचा निबंध. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या माहितीचं विश्लेषण केलं. एकाच माहितीतून विश्लेषणाचे हजारो वेगवेगळे पर्याय निवडता येतात आणि पर्याय बदलला की उत्तर बदलतं. म्हणून त्यांनी ते सगळे पर्याय चालवून बघितले. मुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडलेला निघाला. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच, आणि चष्मा असण्याचा त्याहून वाईट. पद्धत म्हणून हा निबंध प्रत्येकाने वाचावा असा आहे. पण ‘बघा, रील्सने काही होत नाही’ म्हणून तो तोंडावर फेकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. ही माहिती कोणत्या वर्षांची? टिकटॉक जगभर पसरण्याआधीची. आणि मोजलं काय? एकंदर स्वास्थ्य आणि एकंदर स्क्रीन. आत्मप्रतिमा आणि लघुव्हिडिओ नव्हे.

शिवाय ती सरासरी आहे. सरासरीच्या पोटात काय असतं ते नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात दिसतं. इने बेयन्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ६३ किशोरवयीन मुलांना आठवडाभर दिवसातून सहा वेळा फोनवरूनच विचारलं : आत्ता कसं वाटतंय, मघाशी काय बघत होतास? नुसतं बघत राहण्याने ४४ टक्क्यांना काहीच फरक पडला नाही, ४६ टक्क्यांना बरं वाटलं, १० टक्क्यांना वाईट. ६३ चे १० टक्के म्हणजे साधारण सहा मुलं. सहा मुलांवरून धोरण ठरत नाही, हे खरंच. पण त्या सहा जणांना सरासरीत टाकलं की ती दिसेनाशी होतात, हेही तेवढंच खरं. माझा स्वतःचा कल या बाजूला आहे. नुकसान होतं, ते सगळ्यांचं होत नाही, आणि कुणाचं होतं हे शोधण्याऐवजी आपण ‘किती तास’ विचारत बसलोय. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी करणारा कायदा केला, १० डिसेंबर २०२५ पासून तो लागूही झाला. निर्णय पुराव्याची वाट बघत नसतात. म्हणून तर पुरावा नीट हवा.

आता आपल्याकडे येऊ. इथे एक प्रयोग आयता घडला होता. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, टिकटॉक त्यात होतं. करोडो लोकांच्या फोनवरून एका दिवसात आरसा गेला! निसर्गाने केलेला प्रयोग म्हणतात तो हाच, असं वाटून मीही त्यावर काही दिवस कागद रंगवले. पण तारखा लिहून काढल्यावर गंमत कळते. २५ मार्चपासून देश लॉकडाउनमध्ये. ८ जुलैला, म्हणजे बंदीनंतर नऊ दिवसांनी, इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू झाली. म्हणजे औषध बंद केलं, पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या नावाचं तसंच औषध सुरू केलं, आणि पेशंट तोवर घरात कोंडलेला. यातून शुद्ध तुलना काढणं जवळजवळ अशक्य.

तरी त्या बंदीतून एक प्रश्न मात्र निघतो, जो पाश्चात्त्य निबंधांत सापडत नाही. टिकटॉकवर शेतात नाचणारे, बिगारी काम करणारे, ज्यांच्या घराला गिलावा नाही असे लोक स्वतःला दाखवत होते. त्यांच्यासाठी तो आरसा दुखावणाराच होता का? की पहिल्यांदाच कुणीतरी बघितल्याचा होता? आणि त्याच वेळी दुसरी बाजूही आहे : मार्च २०२० मध्ये ‘द इंटरसेप्ट’ने टिकटॉकची अंतर्गत कागदपत्रं छापली, ज्यांत कुरूप, स्थूल, सुरकुत्या असलेले चेहरे आणि झोपडपट्टी किंवा तडे गेलेल्या भिंती दिसणारे व्हिडिओ ‘फॉर यू’वर पुढे जाऊ देऊ नका, अशा सूचना होत्या. ही धोरणं आता वापरात नाहीत, असं कंपनीने सांगितलं. पण संशोधक म्हणून याचा अर्थ लक्षात घ्या. आपण ज्यांच्याशी स्वतःची तुलना करतो, तो नमुनाच आधी चाळून आलेला असू शकतो.

तुलना कुणाशी, हा तसा जुना प्रश्न. लिऑन फेस्टिंजरने १९५४ मध्ये मांडलं, की वस्तुनिष्ठ मोजमाप नसेल तेव्हा माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला जोखतो, आणि त्यासाठी तो आपल्यासारख्याच माणसांना निवडतो. सिनेमातली नायिका आपल्यासारखी नसते, हे शाळकरी मुलीलाही माहीत असतं. शेजारच्या तालुक्यातली, आपल्यासारखंच मराठी बोलणारी, आपल्याच बाजारातून ड्रेस घेणारी मुलगी रीलमध्ये उजळ आणि नितळ दिसते, तेव्हा ती ‘आपल्यासारखी’ असते. फिल्टर दिसत नाही, साम्य दिसतं. लघुव्हिडिओचं जे काही वेगळेपण असेल ते इथे असावं, असा माझा अंदाज आहे. तपासण्याजोगा अंदाज आहे, कुणीतरी घ्या.

पण तो तपासायचा कशाने? आपण सरळ परदेशी मापनश्रेणी उचलतो, तिचं भाषांतर करतो, दोन तज्ज्ञांच्या सह्या घेतो. त्या श्रेण्यांतल्या बहुतेक जाड-बारीक या एकाच दोरीवर चालतात. आपल्याकडे दिसण्याची चिंता अंगकाठीपुरती कधी होती? रंग आहे, उंची आहे, दात आहेत, केस आहेत. बोलणं आहे, ‘ण’ला ‘न’ म्हटलं की खाली कमेंट येते, ‘गावठी’. व्हिडिओत मागे दिसणारी भिंत आहे. मुलांच्यात दंड आणि छाती आहे, जिम आहे. यातलं श्रेणीत काही नाही.

आणि भाषांतराची तर वेगळीच मजा. ‘शरीराबद्दल समाधानी’ म्हटलं की आपल्या माणसाच्या डोक्यात तब्येत येते. ‘तब्येत’ शब्द घ्या. ‘तब्येत बरी आहे ना?’ म्हणजे आजारी नाहीस ना. ‘तब्येत सुधारली हं तुझी’ म्हणजे वजन वाढलं. आजी म्हणाली तर कौतुक, मैत्रीण म्हणाली तर टोमणा. ‘किती बारीक झालीस, खात नाहीस का?’ याचंही तसंच. मावशीची काळजी, आणि काही मुलींना दिवसभर पुरणारा आनंद. एकाच घरात दोन पिढ्यांचे निकष एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतायत. पंचबिंदू श्रेणीवर ‘पूर्णतः सहमत’ला टिक केलेली मुलगी नेमक्या कुणाच्या निकषावर सहमत आहे?

हे ओळखीचं वाटेल अशा एका जागेचा अभ्यास झालेला आहे. फिजीमध्ये भरलेलं शरीर चांगलं मानलं जायचं. नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही आल्यावर काही आठवड्यांत ६३ शाळकरी मुलींना आणि १९९८ मध्ये ६५ मुलींना तीच प्रश्नावली दिली. खाण्याच्या विकाराकडे झुकणारे गुण असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. २००२ मध्ये छापलेला हा निबंध आजही सगळीकडे उद्धृत होतो. आपल्या आजच्या निकषाने बघा : दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या, नमुना लहान, आणि टीव्ही न आलेलं दुसरं गाव तुलनेला घेतलेलं नाही. त्या तीन वर्षांत फिजीत आणखी काय काय बदललं ते आकड्यांतून कळत नाही. हे दोष आहेत, आणि मोठे आहेत. तरी मी हा निबंध सोडून देणार नाही, कारण बेकर यांनी मुलींशी बोलूनही घेतलं. आणि मुली नुसतं ‘बारीक व्हायचंय’ म्हणाल्या नाहीत. टीव्हीतल्या बायकांसारखं दिसलं तर नोकरी मिळेल, पुढे जाता येईल, असा त्यांचा हिशेब होता. प्रश्नावली एकटी असती तर हा हिशेब सापडला नसता. आज रीलवर पैसे मिळवणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. दिसणं आणि कमाई यांची गाठ तेव्हापेक्षा घट्टच झालीय.

म्हणून, हा विषय घ्यायचाच असेल तर माझं सांगणं एवढंच, की फॉर्म बनवायच्या आधी दहा जणांशेजारी बसा. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच फोनवर त्यांच्या फीडमधले पहिले वीस व्हिडिओ बघा आणि वहीत नोंद करा : व्हिडिओत माणूस आहे का, चेहरा की पूर्ण शरीर, रंग कसा दाखवलाय, भाषा कोणती, मागे घर दिसतं का, आणि बघणारी कुठे थांबली. दोनशे नोंदी होतील. त्या दोनशे नोंदींतून कळेल की तुमच्या कॉलेजातल्या ‘रील्स’ म्हणजे नेमकं काय, आणि मग ‘तटस्थ’ व्हिडिओ कोणता ते ठरवता येईल. निसर्ग, प्राणी आणि स्वयंपाक असं गृहीत धरून चालणार नाही.

प्रयोगापर्यंत गेलात तर एक गोष्ट मार्गदर्शकांशी आधीच बोला. ब्लॅकबर्न-हॉग यांच्यासारखा आराखडा म्हणजे काही मुलींना तुम्ही जाणूनबुजून दुखावणारा मजकूर दाखवणार आहात, आणि त्या सहा जणींसारखी एखादी तुमच्या गटात असणारच, फक्त ती कोण हे तुम्हाला माहीत नसणार. तिने मध्येच उठून जायचं ठरवलं तर कसं, नंतर तिच्याशी कोण बोलणार, कॉलेजात समुपदेशक आहे का, आणि आहे तर कोणत्या वारी येतात, हे संमतिपत्रात लिहावं लागेल. आमच्याकडे जिवाणूंची प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकली की प्रयोग संपतो. तुमचा सहभागी मात्र उत्तरं देऊन झाल्यावर बसने घरी जाणार, आणि बसमध्ये फोन उघडणार.